लिगामेंटनंतरचे नऊ महिने

शिरूर-दौंडकडे कबड्डी खेळताना गुडघा पिरगळून ‘कट’ असा आवाज आला आणि तासाभरात सूज चढली, तर बऱ्याचदा एसीएल हे लिगामेंट तुटलेलं असतं. शस्त्रक्रियेत मांडीमागची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन त्याच्या जागी बसवतात.

खरी मेहनत त्यानंतरची. सुरुवातीला गुडघा पूर्ण सरळ होणं सगळ्यांत मोलाचं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच अंक मोजून सोडायचा. घरचे मायेपोटी गुडघ्याखाली उशी सरकवतात. ती काढावीच, नाहीतर सांधा वाकलेला आखडतो.

फसगत होते ती दोन-तीन महिन्यांनी. दुखणं थांबलेलं असतं, पण नवी कंडरा अजून नाजूक असते. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीसाठी पाच किलोमीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांना हा काळ फार जड जातो. तरीही कबड्डी, उड्या, वळणं घेत धावणं नऊ महिन्यांआधी नको. तेही पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के भरल्यावर. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर मुंबईत जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तो पुन्हा सामना खेळला मार्च २०२४ मध्ये.

पोटरी सुजून दुखू लागली किंवा ताप आला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.