आडनाव हरवलं, मधलं नाव उरलं: मॉरिशसला गेलेल्या शेतकऱ्याचा शोध

हिंजवडी फेज दोनच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच.

माझ्या आजीच्या माहेरी, संगमेश्वर तालुक्यात, सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्तीचं वाढतात. कुणाचं? आजीच्या पणजोबांच्या भावाचं. मुंबईला गेला, जहाजात चढला, परत आला नाही. नाव कुणालाच आठवत नाही. नुसतं ‘मॉरिशसवाल्यांचं पान’.

आता मागची गोष्ट. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज ३६ हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुईला पोचलं. पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख लोक गेले. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून आणि काही आपल्या मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. सुरुवातीचा करार साधारण असा: पाच वर्षं, महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस दांडी मारली की दोन दिवसांचा पगार कट! गुजराती लोक साखरेला ‘मोरस’ म्हणतात ना, तो शब्द याच बेटाच्या नावावरून आला.

मग हे मजूर शेतकरी कधी झाले? १८८०च्या आसपास साखरेचा धंदा मंदावला. मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे पाडून विकायला काढले. वर्षानुवर्षं पै-पै साठवलेल्या मजुरांनी ते घेतले, बरेचदा हप्त्यांवर. कुणाचा अर्धा एकर, कुणाचा एक. तिथल्या कित्येक मराठी घरांची स्वतःची जमीन अशी सुरू झाली. कोकणातली जाखडी तिथे आजही ‘झाकरी’ म्हणून नाचतात.

पण माणूस शोधायचा कसा? इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. डेटाबेसवाल्यांनो, हीच प्रायमरी की! नंबरासमोर नाव, वडिलांचं नाव, वय, जात, गाव, जहाज आणि मळा. १८६०च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. ही रजिस्टरं मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत.

मी आधी काय चूक केली? आडनाव शोधत बसलो. तिथे मजुराचं स्वतःचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव व्हायचं. समजा ‘गोविंद’ उतरला, तर नातवंडं झाली ‘गोविंद’. त्यात कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने रोमन लिपीत लिहिलं. म्हणून स्पेलिंग जुळवू नका, उच्चार जुळवा. आणि जिल्हा बघताना लक्षात ठेवा: सिंधुदुर्ग १९८१ला वेगळा झाला. जुन्या कागदात मालवण, वेंगुर्लेसुद्धा रत्नागिरीतच.

मग आमच्या हातात काय उरलं? आजी म्हणाली, “अरे, नाव नाही आठवत, पण भाऊ होता ना तो? मग बाप एकच की!”

मी दोन मिनिटं गप्प. बरोबर! पणजोबांचं पूर्ण नाव घरच्या जुन्या कागदात आहे, आणि त्यातलं मधलं नाव म्हणजे त्यांच्या वडिलांचं. रजिस्टरातही वडिलांच्या नावाचा रकाना आहे. दोन टेबलं जोडणारा कॉलम आपल्या प्रत्येकाच्या नावातच असतो.

मिळालेले मुद्दे मी लिहून काढले: वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि अंदाजे दशक. एवढं घेऊन मोक्याला विचारणा पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. एकाच वडिलांच्या नावाचे त्याच गावचे दोघं-तिघं निघतील, हेही शक्य आहे. तेव्हा वय आणि जात पडताळावी लागेल.

तुमच्या घरातून कुणी मॉरिशसला गेल्याचं ऐकलंय? मग आज घरी गेल्यावर आजी-आजोबांसमोर फोन ठेवा आणि रेकॉर्डिंग चालू करा. आधी गाव विचारा, मग भावंडं, मग त्यांचे वडील. कागद उद्याही सापडतील. माझी आजी ८४ वर्षांची आहे.

यंदाच्या सर्वपित्रीला त्या पानापाशी एक नाव घेता यावं, एवढीच तिची इच्छा आहे. उत्तर आलं की सांगतोच. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!