पाहिलेले, ऐकलेले, वाटलेले

ज्या मुलाने सकाळी स्वतःच्या हाताने गाईपुढे कडबा टाकला, वासराची दोरी सोडली आणि मग दप्तर पाठीस लावून शाळा गाठली, तेच मूल 'गाय' या विषयावर लिहावयास बसले म्हणजे तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते आणि ती अत्यंत उपयुक्त प्राणी आहे, एवढे लिहून पेन्सिल खाली ठेवते, हा अनुभव प्राथमिक शाळेत काही काळ काढलेल्या कोणासही नवा नाही. त्या मुलाचे ज्ञान तोकडे असते असे नव्हे. गाय आजारी पडली की रवंथ थांबवते, परक्या माणसाचा हात लागला की पान्हा चोरते, हे त्याला पक्के ठाऊक असते. परंतु आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे आणि ते वाचण्याची कोणास तरी गरज आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलेच नसते. लहान मुलांना माहितीपर वाचन व लेखन शिकविण्याच्या कार्याचा आरंभ, माझ्या मते, ही खात्री त्यांच्या मनात उत्पन्न करण्यापासून होतो.

हे कार्य मी जवळून पाहिले ते बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, धामणगाव बढे परिसरातील एका शाळेच्या तिसरीच्या वर्गात. काळ दसऱ्यानंतरचा आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीचा, म्हणजे कपाशीची पहिली वेचणी चालू असण्याचा होता. या दिवसांत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात, कारण आईबाप दोघेही शेतात गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळण्यास घरी कोणी तरी लागते. वर्गाच्या गुरुजींनी या अडचणीविषयी कुरकुर न करता तिचाच विषय केला होता. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या शेतातून कपाशीची दोन बोंडे आणावीत, मात्र ज्या शेतात नुकतीच फवारणी झाली आहे तेथली कदापि आणू नयेत आणि घरच्या वडील माणसाला विचारल्याखेरीज तोडू नयेत, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

बोंडे वर्तमानपत्राच्या कागदावर मांडली गेली. ती उघडण्यापूर्वी गुरुजींनी फळ्यावर तीन रकाने आखले आणि त्यांवर 'पाहिले', 'ऐकले', 'वाटले' असे तीन शब्द लिहिले. कोणी काही सांगितले की ते कोणत्या रकान्यात जावयाचे, हे सांगणाऱ्यानेच ठरवावयाचे, असा शिरस्ता होता. एक मुलगी म्हणाली, "सर, अळी आतमधी राह्यते, बाहीरून दिसत नाही." "हे तू पाहिलंस का?" या प्रश्नावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही, माह्या बानं सांगतलं." वाक्य 'ऐकले' या रकान्यात गेले. मग गुरुजींनी ब्लेडने ते बोंड चिरले. बोंडाच्या चारपाच कप्प्यांपैकी एकाच कप्प्यात अळी होती. तेथली सरकी पोखरलेली आणि रुई डागाळलेली होती, बाकीचे कप्पे मात्र स्वच्छ होते आणि बोंडाच्या सालीवर डोळ्यांना सहज दिसेल असे छिद्रही नव्हते. मुलीने उठून आपले वाक्य स्वतःच्या हाताने 'ऐकले'मधून पुसले आणि 'पाहिले'मध्ये लिहिले. मोठमोठ्या ग्रंथकारांनाही जो विवेक सदैव साधत नाही, तो आठ वर्षांच्या मुलीने इतक्या सहजतेने करावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

या तीन रकान्यांची कल्पना गुरुजींना पंचनाम्यावरून सुचली होती. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची फार मोठी नासाडी केली आणि वर्षअखेरीस तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांनी शेताशेतांतून फिरून पंचनामे केले. त्या वेळी आपल्या धुऱ्यावर उभे राहून त्या कागदाकडे पाहिलेली माणसे आजही या मुलांच्या घरांत आहेत. पंचनाम्यात गटनंबर येतो, क्षेत्र येते, पिकाचे नाव, तारीख आणि समक्ष दिसलेल्या नुकसानीचा तपशील येतो, खाली पंचांच्या सह्या येतात. शेतकऱ्याचे दुःख कितीही खरे असले तरी त्याचे वर्णन त्यात येत नाही. खेड्यातल्या मुलाच्या घरात पोचलेला माहितीपर गद्याचा हा बहुधा सर्वांत गंभीर नमुना होय, कारण त्यातल्या एका आकड्यावर घराची वर्षाची मदत अवलंबून असते. शब्द खरा असला पाहिजे, हे या मुलांना नीतिपाठातून शिकविण्याची आवश्यकता नव्हती. गुरुजींनी प्रत्येक बोंडाचा पंचनामा करावयास सांगितला: कोणाच्या शेतातले, कोणत्या दिवशी तोडलेले, किती कप्पे, किती किडलेले, आणि शेवटी पाहणाऱ्या दोघांच्या सह्या. ज्या मुलांना स्वतःचे आडनाव लिहिताना अद्याप अडखळावयास होत होते, त्यांनीही सही मात्र मोठ्या इभ्रतीने केली.

वाचनाचा प्रसंग यानंतर आला, आणि त्याचा क्रम मला अत्यंत उचित वाटला. कृषी खात्याच्या एका माहितीपत्रकातला परिच्छेद गुरुजींनी मोठ्या अक्षरांत फळ्यावर उतरवला होता. अळीच्या गुलाबी रंगाचे वर्णन आले, तोच मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. "सर, हे खोटं हाये. माह्या बोंडातली अळी पांढरी हाये." छापील मजकुराला खोटे म्हणण्याचे धैर्य आपल्या शाळांतून फार क्वचित दिसते, सामान्यतः मूल आपल्या डोळ्यांना खोटे ठरवते आणि पुस्तकातले वाक्य उतरवून घेते. गुरुजींनी त्याला खाली बसविले नाही, किंवा शाबासकी देऊन विषय संपविलाही नाही. ते म्हणाले, "वाक्य पहिल्यापासून पुन्हा वाच." मुलाने बोट ठेवून, अक्षर अक्षर लावीत वाचले, आणि 'पूर्ण वाढ झालेली अळी' या शब्दांवर तो आपण होऊन थांबला. आपल्या बोंडातली अळी तर इवलीशी होती! सगळा वर्ग लहान आणि मोठ्या अळ्या शोधण्याच्या मागे लागला. भिंग हातोहात फिरले. लहान अळी पांढुरकी व काळपट डोक्याची, आणि मोठीच्या अंगावर गुलाबी छटा, असे दोन्ही प्रकार कागदावर शेजारी शेजारी ठेवले गेले.

गोष्ट वाचताना मूल पुढे काय झाले या ओढीने धावत जाते आणि वाटेतली विशेषणे वगळली तरी त्याचे फारसे बिघडत नाही. माहितीपर मजकुरात मात्र 'पूर्ण वाढ झालेली', 'बहुधा', 'काही', 'कोरडवाहू जमिनीत' अशा मर्यादा घालणाऱ्या शब्दांतच सत्य साठवलेले असते, आणि ते शब्द थांबूनच वाचावे लागतात. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाला मिनिटास किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला अर्थ सापडत नाही, म्हणून ते उद्दिष्ट योग्यच आहे. परंतु धामणगावच्या त्या मुलाने 'पूर्ण वाढ झालेली' या तीन शब्दांवर जो वेळ घालविला तो कोणत्याही घड्याळाच्या हिशेबात वाया गेला असे धरले जाऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मराठीत मुलांना माहिती पुरविण्याची परंपरा लहान नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून भूगोल, इतिहास व विज्ञान मराठीत आणले. १९२८ पासून 'सृष्टिज्ञान'ने आणि १९७१ पासून बालभारतीच्या 'किशोर'ने हे कार्य चालविले. बालभारतीने तर तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार केली, त्यामुळे बुलढाण्याच्या मुलाला आपल्या जिल्ह्याचा नकाशा स्वतःच्या पाठ्यपुस्तकात सापडतो. परंतु या साऱ्या व्यवहारात मूल हे बहुशः घेणारे राहिले. त्याने स्वतः पाहावे, नोंदवावे आणि दुसऱ्यास कळवावे हा विचार रुजविण्याचे श्रम ताराबाई मोडकांनी बोर्डी व कोसबाड येथे, आणि पुढे लीलाताई पाटलांनी १९८५ पासून कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात केले. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातही मुलांनी प्रयोग करून निष्कर्ष स्वतःच्या वहीत लिहावेत अशीच तजवीज होती. ही सारी नावे धामणगावच्या त्या वर्गात कोणी उच्चारली नाहीत. तथापि फळ्यावरचे ते तीन रकाने त्याच कुळातले आहेत, हे मला स्पष्ट दिसत होते.

पाहिलेल्या अळीविषयी लेख लिहिण्यास प्रत्यक्ष प्रारंभ झाला तेव्हा भाषेचा प्रश्न उभा राहिला. मुलांची बोली वऱ्हाडी. पुस्तकाची भाषा निराळी. गुरुजींनी पहिला खर्डा बोलीतच लिहू दिला आणि दुसऱ्या खर्ड्यात क्रियापदे पुस्तकी केली, पण पऱ्हाटी (कपाशीचे झाड), कवडी (किडका कापूस), डोमकळी या शब्दांना हात लावला नाही. अळी शिरल्यामुळे पाकळ्या मिटून राहिलेल्या फुलाला डोमकळी म्हणतात. तिच्या ऐवजी 'रोगट फूल' असा शुद्ध शब्द घातला असता तर नेमकेपणा नाहीसा होऊन नुसती सभ्यता उरली असती. तिसरा खर्डा दुसरीच्या मुलांना वाचून दाखविण्यात आला, आणि त्यांनी केलेल्या पृच्छा फार कडक होत्या. "अळी केवढी?" असे एकाने विचारले, तेव्हा 'लहान' हा शब्द पुरेसा नाही हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि मोजपट्टी आणली गेली. "मग ते बोंड फेकलं का?" या दुसऱ्या प्रश्नाने आणखी एक परिच्छेद वाढविला.

तयार झालेल्या मजकुरात एका ठिकाणी असे होते: 'लहान अळी पांढरी असते. तिचे डोके काळपट असते. मोठी झाल्यावर ती गुलाबी दिसते. आम्ही दोन्ही पाहिल्या.' शेवटचे वाक्य अनावश्यक म्हणून कोणी सुजाण संपादक कदाचित काढून टाकील. मला ते सबंध लेखातले सर्वांत मोलाचे वाटते, कारण आधीच्या तीन वाक्यांची जामीनकी त्याने घेतली आहे.

'वाटले' या रकान्यात मात्र एक वाक्य तसेच राहिले होते: उन्हाळ्यात कपाशी नसते तेव्हा अळी मरून जात असावी. त्याचे उत्तर गुरुजींना ठाऊक होते. वाळलेल्या बोंडांत व सरकीत ही अळी सुप्तावस्थेत दडून राहते, आणि म्हणूनच हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावण्यास कृषी खाते सांगत असते. त्यांनी ते सांगितले नाही. घरोघरी सरपणासाठी परसात पऱ्हाट्यांचे ढीग रचले जातात. त्यांना चिकटून राहिलेली वाळकी बोंडे शिमग्यानंतर गोळा करून आणावयाची, असे ठरले, आणि वर्गाच्या वहीत त्या पंचनाम्यासाठी दोन कोरी पाने राखून ठेवण्यात आली.