गोल्फची फेरी

गोल्फची फेरी म्हणजे गोल्फ मैदानावरील सर्व होल ठरलेल्या क्रमाने खेळून पूर्ण करणे होय. प्रमाण फेरी १८ होलांची असते. प्रत्येक होलची सुरुवात टी या जागेवरून होते आणि चेंडू ग्रीनवरील १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळीत पडला की तो होल संपतो. कमीत कमी फटक्यांत फेरी पूर्ण करणे हे खेळाडूचे उद्दिष्ट असते. हौशी खेळाडू बहुधा चौघांच्या गटाने खेळतात आणि अशा फेरीला साधारणतः चार तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. गटात कसलेला खेळाडू आणि नवखा मित्र एकत्र असले, तरी अवघड मैदानावरही त्यांच्यात बरोबरीचा सामना होऊ शकतो, हे या खेळाचे वैशिष्ट्य आहे. त्यासाठी हॅंडिकॅप पद्धत वापरली जाते. अशा फेरीत सोबत पंच नसतो, त्यामुळे या पद्धतीचे यश खेळाडूंच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते.

इतिहास

गोल्फचा विकास स्कॉटलंडमध्ये झाला. तेथील सेंट अँड्र्यूज मैदानावर पूर्वी २२ होलांची फेरी खेळली जात असे. १७६४ मध्ये काही होल एकमेकांना जोडण्यात आले आणि फेरी १८ होलांची झाली. पुढे हीच संख्या सर्वत्र प्रमाण मानली गेली. भारतात १८२९ मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. भारतीय गोल्फ संघाची (इंडियन गोल्फ युनियन) स्थापना १९५५ मध्ये झाली.

मैदानाचे काठिण्य

निष्णात खेळाडूला एखादा होल पूर्ण करण्यास जितके फटके अपेक्षित असतात, त्या संख्येला पार म्हणतात. बहुतेक होल पार ३, ४ किंवा ५ चे असतात आणि १८ होलांच्या मैदानाचा एकूण पार बहुधा ७० ते ७२ असतो. पारपेक्षा एक फटका कमी लागल्यास बर्डी आणि एक जास्त लागल्यास बोगी होते.

मैदान केवळ लांबीमुळे अवघड होत नाही. अरुंद फेअरवे, दाट गवताचा रफ, वाळूचे बंकर, तळी, ओढे, चढउतार आणि तिरप्या उताराच्या वेगवान ग्रीन यांमुळेही काठिण्य वाढते. ते दोन आकड्यांनी मोजले जाते. कोर्स रेटिंग हा शून्य हॅंडिकॅपच्या खेळाडूला अपेक्षित असलेल्या फटक्यांचा आकडा होय. स्लोप रेटिंग या आकड्यावरून अशा खेळाडूच्या तुलनेत सामान्य खेळाडूला ते मैदान किती अधिक जड जाते हे कळते. स्लोप रेटिंग ५५ ते १५५ या मर्यादेत असते आणि ११३ हा प्रमाण आकडा मानला जातो. तळ्यावरून दीडशे मीटरचा फटका मारणे निष्णात खेळाडूला नित्याचे असते. नवख्याचे मात्र तेथे दोन-तीन चेंडू पाण्यात जाऊ शकतात. हाच फरक स्लोप रेटिंगमध्ये दिसतो.

हॅंडिकॅप

रॉयल अँड एन्शंट (आर अँड ए) आणि युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या नियामक संस्थांनी २०२० मध्ये जागतिक हॅंडिकॅप पद्धत लागू केली. तत्पूर्वी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती प्रचलित होत्या. नव्या पद्धतीत खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांच्या सरासरीवरून हॅंडिकॅप निर्देशांक काढतात. तो जास्तीत जास्त ५४ असू शकतो.

विशिष्ट मैदानावरील सवलत काढण्यासाठी निर्देशांकाला स्लोप रेटिंगने गुणून ११३ ने भागतात आणि कोर्स रेटिंगमधून पार वजा करून आलेला फरक त्यात मिळवतात. समजा, दोन मित्रांचे निर्देशांक ४ आणि ३० आहेत. पार ७२, कोर्स रेटिंग ७३.४ आणि स्लोप रेटिंग १३५ असलेल्या अवघड मैदानावर त्यांना अनुक्रमे ६ आणि ३७ फटक्यांची सवलत मिळेल. म्हणजे दोघांत ३१ फटक्यांचे अंतर राहील. पार ७२, कोर्स रेटिंग ६९ आणि स्लोप रेटिंग १०५ असलेल्या सोप्या मैदानावर हीच सवलत १ आणि २५, म्हणजे अंतर २४ होईल. मैदान जितके अवघड, तितका दुबळ्या खेळाडूला अधिक आधार, असे या गणिताचे तत्त्व आहे.

दोघे अवघड मैदानावर समोरासमोर खेळले, तर नवख्याला प्रत्येक होलवर एक आणि सर्वांत अवघड ठरवलेल्या १३ होलांवर आणखी एक फटका सवलतीत मिळतो. होलांचा हा अवघडपणाचा क्रम गुणपत्रिकेवर छापलेला असतो.

खेळण्याचे प्रकार

स्ट्रोक प्ले प्रकारात फेरीतील सर्व फटक्यांची बेरीज करतात, तर मॅच प्ले प्रकारात प्रत्येक होलचा विजेता ठरवून जास्त होल जिंकणारा विजयी होतो. फोरबॉल प्रकारात दोघादोघांच्या जोड्या असतात. चौघेही आपापला चेंडू खेळतात आणि जोडीतील चांगली कामगिरी त्या होलसाठी धरली जाते.

स्टेबलफोर्ड ही गुणपद्धती इंग्लिश डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी रूढ केली. तिची पहिली अधिकृत स्पर्धा १९३२ मध्ये वॉलसी येथे झाली. या पद्धतीत सवलत वजा करून पार झाल्यास २, बोगीस १ आणि बर्डीस ३ गुण मिळतात. त्याहून खराब खेळास शून्य. एखाद्या होलवर गुण मिळण्याची शक्यता संपली की खेळाडू चेंडू उचलून पुढे जाऊ शकतो. एका वाईट होलमुळे संपूर्ण फेरी वाया जात नाही आणि मित्रांचाही खोळंबा होत नाही, म्हणून अवघड मैदानावर हौशी गट ही पद्धत पसंत करतात.

नियम व शिष्टाचार

खेळाडूला जास्तीत जास्त १४ काठ्या सोबत नेता येतात. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार हरवलेला चेंडू शोधण्यासाठी तीन मिनिटे मिळतात. तो न सापडल्यास दंडाचा एक फटका मोजून आधीच्या जागेवरूनच पुन्हा खेळावे लागते. बंकरमधील पावलांच्या खुणा सारख्या करणे, उखडलेली हिरवळ जागेवर बसवणे आणि दुसरा फटका मारत असताना शांत उभे राहणे हे शिष्टाचार सर्वत्र पाळले जातात.

आपल्या चुकीचा दंड खेळाडूने स्वतःच मोजणे अपेक्षित असते. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत बॉबी जोन्स यांचा चेंडू गवतात किंचित हलला. इतर कोणी ते पाहिले नव्हते, तरी त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. त्यामुळे ते विली मॅकफार्लेन यांच्या बरोबरीत राहिले आणि निर्णायक फेरीत पराभूत झाले.

मित्रांच्या फेरीत हाच प्रश्न हॅंडिकॅपच्या रूपाने उभा राहतो. वाईट फेऱ्याच नोंदवून निर्देशांक फुगवल्यास इतरांवर अन्याय होतो. तोऱ्यासाठी तो कमी दाखवल्यास खेळाडू स्वतःच हरत राहतो. म्हणून गुणपत्रिका एकाने भरून दुसऱ्याने तपासण्याची रीत आहे.

महाराष्ट्रात

मुंबईत गोल्फ क्लबची स्थापना १८४२ मध्ये झाली. लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये स्थापन झालेल्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबने भारतीय आणि युरोपीय अशा दोघांनाही सभासदत्व दिले. त्या काळातील अनेक क्लब केवळ युरोपीयांसाठी असल्याने या धोरणाला महत्त्व होते. चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा आहे. पुण्यात येरवडा येथे जुने मैदान असून शहराच्या पश्चिमेस डोंगरउतारावर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचे मैदान आहे. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही गोल्फ क्लब मैदान म्हणून ओळखले जाते, मात्र तेथे क्रिकेट खेळले जाते.

पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर चेंडू घरंगळत नाही आणि त्याला चिखल लागतो. अशा वेळी चेंडू उचलून, पुसून जवळच ठेवण्याची मुभा देणारा स्थानिक नियम लागू करता येतो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर चेंडू दूर जातो, पण ग्रीनवर थांबवणे कठीण होते.

पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचे उदयन माने यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. १८ होलांच्या मैदानाला साधारणतः शंभर एकरांहून अधिक जागा आणि भरपूर पाणी लागत असल्याने राज्यात हा खेळ मुख्यतः मोठ्या शहरांच्या आसपास आणि लष्करी छावण्यांच्या परिसरात आढळतो.