नाव वाचलं, शेअर घेतला!

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट, सिलिंडरसाठी नातेवाइकांची वणवण, आणि मुंबई शेअर बाजारात ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’ला अप्पर सर्किटवर अप्पर सर्किट. बघता बघता भाव दुपटीच्या पुढे. कंपनी ऑक्सिजन किती बनवत होती? थेंबभरही नाही. वायूचा धंदा तिने २०१९ मध्येच गुंडाळला होता. उरलं होतं फक्त पैसे गुंतवण्याचं काम. ‘इन्व्हेस्टमेंट्स’ नावातच होतं म्हणा, पण तिथपर्यंत वाचायला सवड कुणाला!

अमेरिकेतले लोकही कमी नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांनी क्युबाशी संबंध सुधारण्याची घोषणा केली आणि बाजारात ‘क्युबा’ हे चिन्ह लावून फिरणारा एक फंड काही दिवसांत सुमारे ७० टक्के चढला. त्यात क्युबातला एकही शेअर नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये इलॉन मस्क यांनी सिग्नल हे ॲप वापरायला सांगितलं, तर लोकांनी ‘सिग्नल ॲडव्हान्स’ या भलत्याच कंपनीवर उड्या टाकल्या. ६० सेंटचा शेअर तीन सत्रांत ३८ डॉलरवर!

आकड्यांचंही तेच. जून २०२३ मध्ये एमआरएफचा शेअर लाखापार गेला. ‘बापरे, केवढा महाग!’ पण कंपनीचे एकूण शेअरच जेमतेम ४२ लाख. केकचे तुकडे कमी, म्हणून एकेक मोठा. पाच रुपयांचा शेअर मात्र डोळे झाकून ‘स्वस्त’.

तोट्याच्या बाबतीतही मन असंच फसवतं. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं, की कमावल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचं दुःख जास्त. पुढच्या मोजणीत ते साधारण दुप्पट भरलं. म्हणून पडेल भावाचे शेअर आपण वर्षानुवर्षं सांभाळतो. विकलं नाही तोवर तोटा कसला? वर आणखी घेऊन ‘ॲव्हरेज’ करतो.

पुरुषांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. बार्बर आणि ओडीन या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ३५ हजारांवर घरांची खाती तपासली; पुरुषांची खरेदी-विक्री बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त, आणि या उलाढालीने कमाईला कात्रीही त्यांच्याच जास्त.

आणि आपले एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) बहाद्दर? सेबीच्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के किरकोळ ट्रेडर तोट्यात. लागोपाठ दोन वर्षं हात पोळूनही त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त पुन्हा हजर. उरलेल्या सात टक्क्यांत आपलाच नंबर, ही प्रत्येकाची खात्री.