हृदयाची धडधड : नोंद ठेवा, वेळ दवडू नका

पर्युषणाचे दिवस. अमरावतीतील एखाद्या कापड दुकानाच्या गादीवर पन्नाशीचा व्यापारी बसला आहे. तेल्याचा तिसरा दिवस. दुपारी हिशेब पाहताना छातीत एकाएकी धडधड सुरू होते, ठोका चुकल्यासारखे वाटते आणि चार-पाच मिनिटांत सारे शांत होते. ‘गॅस झाला असेल’ असे म्हणून तो पुन्हा वहीत डोके घालतो. संध्याकाळी दुकान वाढवून स्थानकाच्या पायऱ्या चढताना तेच पुन्हा घडते. घरी मात्र तो काही बोलत नाही. सांगितले तर तप सोडायला लावतील, ही भीती. अमरावती-अकोल्याच्या व्यापारी कुटुंबांना हे चित्र अनोळखी वाटू नये.

निरोगी माणसाचे हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देते आणि त्यांची जाणीवही होत नाही. ही जाणीव होऊ लागणे म्हणजेच धडधड. स्वस्थ बसलेल्या प्रौढाच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 60 ते 100 असतात. जिना चढताना, राग आल्यावर, ताप असताना किंवा मुक्तागिरीची चढण चढताना ते वाढणे स्वाभाविकच होय. विसावा घेतल्यावर ते हळूहळू पूर्वपदावर येतात. अधूनमधून एखादा ठोका आधी पडून मग क्षणभर थांबल्यासारखे वाटणे हेही अनेक निरोगी माणसांत आढळते.

धडधडीची कारणे पुष्कळदा हृदयाबाहेरची असतात. दिवसभरात ग्राहकांबरोबर घेतलेला आठ-दहा कप चहा, तंबाखू, अपुरी झोप, उधारीची चिंता, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, मधुमेह्याची एकाएकी उतरलेली साखर, ही त्यांपैकी काही. अकोल्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा घामावाटे पाणी आणि क्षार गेल्यानेही नाडी धावू लागते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या काळातही हा त्रास दिसतो. घरातील सुना-सासवांच्या अशा तक्रारीला ‘मनाचा खेळ’ म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. आधी रक्ताची तपासणी व्हावी, मग निष्कर्ष काढावा.

काही वेळा मात्र दोष हृदयाच्या विद्युत्-यंत्रणेतच असतो. उतारवयात आढळणाऱ्या ‘एट्रियल फिब्रिलेशन’मध्ये नाडीला कोणताच ताल राहत नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते. अशा रुग्णाला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. वेळीच निदान झाले तर रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी हा धोका बराच कमी करता येतो.

निदानातील मोठी अडचण अशी, की रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि ईसीजी निर्दोष येतो. निर्दोष ईसीजी त्या क्षणापुरताच खरा असतो. येथे व्यापारी घरांची जुनी सवय कामी येते. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांनी धडधडीचीही नोंद ठेवावी : तारीख, वेळ, किती मिनिटे टिकली, एकाएकी सुरू झाली की हळूहळू, त्यापूर्वी काय चालले होते, सोबत घेरी किंवा दम होता काय. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि ती तालात आहे की विस्कळीत, तेही लिहावे. धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढता आला तर उत्तम. अन्यथा डॉक्टर 24 तास किंवा अधिक काळ नोंद घेणारे ‘होल्टर’ यंत्र लावतात.

तपस्वींनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. त्यांत उपवासाची भर पडली की शरीरातील पोटॅशियम घटून ठोके बिघडू शकतात. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या उपवासासाठी एकाएकी बंद केल्यास नाडी उसळी घेते आणि हृदयविकार असलेल्याला ते घातक ठरू शकते. म्हणून अठाई किंवा मासखमण यांचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधांच्या वेळा दिवसा बसतील काय, हे विचारावे. पुष्कळदा तशी सोय होते. दीर्घ तपाचे पारणेही मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या आहाराने, थोडे थोडे करावे. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा भार पडला तर रक्तातील क्षार झपाट्याने घसरतात.

आपल्या परंपरेने ही दृष्टी पूर्वीच ठेवली आहे. पच्चक्खाणात आगार असतात आणि त्यांत समाधी टिकवण्यासाठीचा ‘सर्वसमाधी’चा आगारही आहे. संकटात औषध घेणे म्हणजे तपाचा पराभव नव्हे. मनात शंका असल्यास गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे. ऐन रात्री कुटुंबाला त्या पेचात टाकू नये.

धडधड वारंवार होत असेल, नाडी बेताल लागत असेल किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर त्रास सौम्य वाटला तरी त्याच आठवड्यात तपासणी करावी. परंतु धडधडीसोबत छातीत दाब किंवा दुखणे, दम लागणे, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे अथवा बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर क्षणाचाही विलंब नको. विसावा घेऊनही नाडी 120 च्या वर राहून उतरत नसेल, तरीही तसेच करावे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये. अमरावतीत इर्विन आणि अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय सर्वांना ठाऊक आहे; आपल्या घरापासून रात्री सर्वांत लवकर कोठे पोहोचता येईल, हे मात्र आजच ठरवून ठेवावे. रुग्ण निपचित पडला आणि श्वास थांबला, तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाब देत राहावे.

गादीवरच्या त्या व्यापाऱ्याने पहिल्या धडधडीनंतर वहीच्या कोपऱ्यात वेळ लिहिली असती आणि संध्याकाळी पत्नीला दोन शब्द सांगितले असते, तर पुढचा मार्ग डॉक्टरांनी सुचवला असता. कदाचित तपही सुखरूप पार पडले असते. जिवाला जपणे हा आपल्या धर्माचा पाया आहे, आणि त्या जिवांत आपलाही जीव येतो.