घोडा आणि उन्हाळ्यांतील माश्या

उन्हाळ्यांत एखादा घोडा पागेंत एकसारखा पाय आपटूं लागला कीं मोतद्दार त्याला खोडकर ठरवून चाबूक उगारतो. वस्तुतः अपराध घोड्याचा नसून माश्यांचा असतो. कांहीं घोड्यांची कातडी इतकी हळवी असते कीं, चिलटांच्या चाव्यानें सुटलेल्या खाजेपायीं ते आयाळ व शेपटीचें मूळ घांसून घांसून रक्तबंबाळ करून घेतात.

शिवाय घोडमाशी 'सर्रा' या प्राणघातक रोगाचे जंतु एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. हे जंतु १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें तत्कालीन पंजाबांत घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत शोधून काढले.

मग उपाय कोणता? प्रथम माश्यांचें जन्मस्थान नाहींसें करावें. घरमाशी व तबेल्यांतील चावरी माशी ओल्या लिदींत आणि भिजून कुजलेल्या गवतांत अंडीं घालतात. कडक उन्हाळ्यांत घरमाशीची पुढली पिढी ७ ते १० दिवसांत उडूं लागते. म्हणून लीद रोज उचलून दूर उन्हांत पातळ पसरावी. ती वाळली कीं अळ्या जगत नाहींत. घोडमाशी मात्र पाणथळ चिखलांत वाढते व भर उन्हांत चावते. यास्तव दुपारीं घोडा हवेशीर सांवलींत बांधावा. चिलटें पहाटे व तिन्हीसांजेला येतात. पंख्याच्या वाऱ्यापुढें त्यांचा टिकाव लागत नाहीं.

डोळ्यांवर बारीक जाळी व अंगावर पातळ झूल घालावी. जाड झुलीनें उष्माघाताचें भय असतें. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगांत झेब्र्यासारखे पट्टे असलेल्या झुलीवर घोडमाश्या फारच थोड्या उतरल्या. शेपटी मात्र कधींही आंखूड कातरूं नये. त्या मुक्या प्राण्याला निसर्गानें दिलेली तेवढीच एक चवरी आहे.