आपोआप होणारी डागडुजी

१२ मे २०१७ रोजीं इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचे संगणक एकाएकीं निकामी झाले व पडद्यांवर खंडणीची मागणी झळकूं लागली. ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. 'वॉनाक्राय' नामक हा उपद्रव ज्या छिद्रांतून शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच प्रसिद्ध केली होती. औषध दारांत येऊन पडलें होतें. तें पुष्कळांनीं घेतलेंच नव्हतें!

कार्यप्रणालीची ही डागडुजी माणसाच्या आठवणीवर सोपवूं नये, असें माझें मत आहे. लिनक्स प्रणालींत 'क्रॉन' नांवाचा एक पहारेकरी असतो. तो दर मिनिटास आपली वही पाहतो. वहींतील प्रत्येक ओळींत प्रथम पांच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना व वार. त्यांपुढें आज्ञा लिहावयाची. रकान्यांत अनुक्रमें ३०, ३, तारका, तारका व ० लिहिलें, कीं दर रविवारीं पहाटे साडेतीनला ती आज्ञा पाळली जाते. तारका म्हणजे 'कोणताही', व शून्य म्हणजे रविवार. आज्ञेच्या जागीं एका लहानशा स्क्रिप्टचें नांव द्यावें. तिनें नव्या दुरुस्त्यांची यादी आणावी, त्या बसवाव्या व घडलें तें नोंदवहींत लिहावें.

खरी मेख पुढें आहे. 'पुढें जाऊं काय?' असें संगणकानें विचारलें, तर पहाटे उत्तर देणार कोण? उत्तर न मिळाल्यास तो काम तसेंच टाकून देतो. म्हणून होकार आज्ञेंतच लिहून ठेवावा लागतो. शिवाय त्या वेळीं यंत्र बंद असेल, तर क्रॉन चुकलेली पाळी भरून काढीत नाहीं. तें काम 'अनाक्रॉन' करतो. आणि कार्यप्रणालीच्या गाभ्याची दुरुस्ती बसली, तरी यंत्र पुन्हां सुरू केल्यावांचून ती सहसा लागू होत नाहीं.

उलट बाजूही आहे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीची एक सदोष सुधारणा आपोआप पोंचली आणि सुमारें ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. म्हणून जेथें यंत्रें अनेक आहेत, तेथें प्रथम एकाच यंत्रावर दुरुस्ती बसवावी व एकदोन दिवसांनीं इतरांवर. सुरक्षेची दुरुस्ती मात्र आठवडेच्या आठवडे अडवून ठेवूं नये. सोमवारीं सकाळीं ती नोंदवही कोणीतरी उघडून वाचली पाहिजे; हें काम क्रॉनकडे देतां येत नाहीं.